फुफीची चाल

इरशाद सास्तूरच्या चौकात पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचा आणि काम करता करता गाणी रचायचा. त्यातलं एक त्याच्या फुफीवर, म्हणजे आत्यावर होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात ती गेली तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं, इरशाद तर जन्मलाही नव्हता. वडील, खाजाभाई, जे सांगायचे त्यावरून त्यानं ते बांधलं होतं.

उन्हाळ्यात त्यानं लातूरला कृष्णराज नावाच्या संगीतकाराकडं चार गाणी रेकॉर्ड केली. पहिला अल्बम यूट्यूबवर आला. गावानं व्हॉट्सअॅपवर टाळ्या धाडल्या, पण गाणी कुणी ऐकल्याचं दिसेना. खाजाभाई तेवढे रोज दुकानात येऊन म्हणायचे, "माझ्या बहिणीचं लाव."

दिवाळीनंतर गावचे पुढारी रणधीरभाऊंचा वाढदिवस आला. चौकात डीजे लागला आणि खाजाभाई स्टुलावरून उठले.

"इरशाद, ही तर आपलीच चाल!"

चाल तीच होती. शब्द मात्र 'भाऊंचा बर्थडे, वाजवा रे' असे होते.

इरशादनं तिथूनच कृष्णराजला फोन लावला.

"चाल हिट झाली की! खूश व्हायचं सोडून भांडता काय?"

"ती म्या बांधलीय."

"लिहून घेतलंवतं का माझ्याकडून?" म्हणून त्यानं फोन ठेवला.

इरशाद तणतणत स्टेजवर गेला. रणधीरभाऊंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"मला खरंच माहीत न्हाय रे. पोरांनी लातूरहून बनवून आणलं. तुझं मूळ गाणं म्हण की, लोकांना कळू दे."

डीजे थांबला. माईक हातात आला. इरशादनं डोळे मिटून सुरुवात केली. 'हळद भिजत ठेवून गेलीस...' दुसऱ्या ओळीला शिट्टी आली. डोळे उघडले तर पोरं नाचत होती. चाल त्यांच्या पायांत बसली होती, शब्द कुणाच्या कानावर जातच नव्हते. एकानं तर त्याच्यावर फुलं उधळली.

अर्ध्यातच माईक ठेवून तो खाली उतरला. मागून डीजे पुन्हा सुरू झाला.

दुकानात खाजाभाई म्हणाले, "दुसरी चाल बांध."

"दुसरी कुठली, अब्बा? मला फुफी याच चालीत दिसती."

इरशादनं समोरची मोटार ओढली आणि जळकी तार पक्कडीनं इतक्या जोरात उपसायला लागला की बोट कापलं. ते फडक्यात गुंडाळून तो पुन्हा ओढत राहिला.