आगीची घंटा

माझ्या बहिणीला, जिजाला, ऐकू येत नाही. जन्मापासूनच. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सिंदी गावात ज्याला त्याला ही गोष्ट माझ्याआधी सांगायची घाई असते, आणि सांगताना मान अशी हलवतात की जणू मयतीलाच आले आहेत. मला त्या मान हलवण्याचा फार राग येतो. धुरपताच्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. असतो. दोघींच्या वाटचा मला एकटीला करावा लागतो.

आमची आई स्टेशनाजवळच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती. तिथं बाया ओळीत उभ्या राहून यंत्राच्या तोंडी कापूस घालतात, सरकी खाली पडते आणि रुई पुढे जाते. यंत्रांचा आणि पट्ट्यांचा आवाज असा की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी तिला कळत नाही. म्हणून जिनातल्या बाया हातानं बोलतात. ओठांवर दोन बोटं ठेवली की पाणी हवं, पोटावरून हात फिरवला की जेवायची वेळ झाली, आणि नाकाखाली मिशी पिळली की मुकादम नत्थूजी येतो आहे. आईनं ही बोली घरी आणली. जिजाशी बोलायला तिच्याकडे दुसरी होती कुठं? आमच्या घरात तीन भाषा चालायच्या. म्हाताऱ्या माणसांशी गोंडी, गावाशी मराठी आणि जिजाशी जिनाची. त्यातली तिसरी जिजा आम्हा सगळ्यांपेक्षा भरभर बोलायची.

आई गेली. मग माझा नवरा गेला, मी सासर सोडून सिंदीला आले आणि आईच्या जागी ओळीत लागले. जिजाला मात्र आवारात बसवलेलं होतं, किडका आणि डागी कापूस वेगळा काढायला. ते म्हाताऱ्या बायांचं काम, मजुरी अर्धी. तीसुद्धा कामाची म्हणून नव्हे, ‘बिचारीले काहीतरी’ म्हणून. जिजा धडधाकट होती, पंचवीसेक वर्षांची होती, आणि दिवसभर आवारातून जिनाच्या दाराकडे बघत बसायची.

आमचा मोठा भाऊ पुनाजी समुद्रपूरला बायकोच्या गावी राहायचा. दिवाळीत तो आला तो जिजासाठी एका बिजवराचं स्थळ घेऊन. वय विचारलं तर म्हणाला, “तब्येत चांगली हाय.” घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तीन पोरं आईवेगळी. त्यांना बायको नको होती, राबायला बाई हवी होती. जिजानं दोन्ही हातांनी नाही म्हटलं, आणि मग बोट जिनाकडे केलं.

“मले काई हौस नाई,” पुनाजी मला म्हणाला. “पन अर्ध्या मजुरीत तिचं पोट भरत नाई. आज तू हायस. उद्या तुले काई झालं तं इले पोसन कोन?”

त्याला चांगलं सुनवायला माझी जीभ शिवशिवत होती, पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी ठरलं असं की होळीपर्यंत जिजा पुऱ्या मजुरीवर ओळीत पक्की लागली तर पुनाजी तो विषय काढणार नाही. नाहीतर होळीनंतर बोलणी.

नशीब म्हणा, ओळीतली एक बाई बाळंतपणाला माहेरी गेली. नत्थूजीला हात कमी पडत होते. मी त्याच्या मागे लागले, आणि त्यानं कुरकुरत जिजाला त्या जागेवर उभं केलं. जिजानं तिथं काही चमत्कार केला नाही. कौशल्याबाईपेक्षा तिचा हात जलद होता, माझ्यापेक्षा जरा मंद. चार बायांसारखं काम. पहिल्या हप्त्याला चार बायांसारखीच मजुरी हातात पडली, तेव्हा ती मूठ मिटून घरापर्यंत चालत आली. घरी आल्यावर मीच ती उघडून घेतली.

तेवढ्यात नागपूरहून नवे मॅनेजर आले, प्रभाकरराव. माणूस वाईट नव्हता. आधीच्या कुठल्याशा जिनात त्यांनी आग पाहिली होती, डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. कापसाला आग लागली की ती माणसाला उठायला वेळ देत नाही. ओळीत एक बहिरी बाई आहे हे कळताच त्यांनी ती कोण, कशी, काही न पाहता हुकूम सोडला की तिला परत आवारात बसवा.

मी तडक कचेरीत गेले. नत्थूजी माझ्या मागे, मी काय बोलेन या धास्तीनं.

“बाई, मी तिच्या भल्यासाठीच म्हणतो आहे,” प्रभाकरराव म्हणाले. “आगीची घंटा वाजली, सगळ्या बाहेर पळाल्या आणि ती कापूसच घालत राहिली तर? ते पाप कोणाच्या माथी?”

“तुमी तिचं भलं तिले उपाशी ठेवून करून राह्यले, साहेब.”

“तिला ऐकू येतं का, एवढंच सांगा.”

“नाई येत. पन ती बाजूच्या बायांकडे पाह्यते. सगळ्या वळल्या का तेबी वळते. वाजवून पाहा नं मंग घंटा.”

हे मी रागाच्या भरात बोलून गेले. नत्थूजीनं कपाळाला हात लावला. आमच्या जिनात ती घंटा वर्षातून एकदाच वाजायची. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, नारळ फुटायचा आणि मग चौकीदार घंटेवर टोला द्यायचा. घंटा अशी खणखणायची की स्टेशनवरची माणसं मान वळवायची. सगळे म्हणायचे, घंटा चांगली आहे, आणि प्रसाद घेऊन कामाला लागायचे. एरवी तिला कोणी हात लावत नसे.

“आग नसतानी ते वाजवू नाई, साहेब,” नत्थूजी म्हणाला. “बोलावल्यासारखं होते.”

“मी असलं काही मानत नाही,” प्रभाकरराव म्हणाले. “उद्या वाजवू. केव्हा ते सांगणार नाही. बाकीच्यांबरोबर ती वळली तर राहील.”

बोलायला बोलले, पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच घोळत राहिलं. जिजाची नजर त्या क्षणी कापसावर असली तर? पुनाजीचा चेहरा माझ्यासमोर नाचायला लागला. मग मी एक युक्ती काढली. मी जिजाच्या शेजारीच उभी असायची. घंटा ऐकली की तिचा पाय दाबायचा, आणि पाय दाबला की तिनं दाराकडे वळायचं. मी तिला हे हातानं समजावलं. तिनं विचारलं, तू शेजारी नसशील त्या दिवशी काय?

मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. आमच्या घरात कोणाला गप्प करायचं तर असंच करतात.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून कान टवकारून उभी. कापूस घालते, पाय जिजाच्या पायाला टेकवून ठेवते आणि वाट पाहते. जेवणाची सुटी झाली, पुन्हा यंत्रं सुरू झाली. घंटा काही वाजेना. मला वाटलं, साहेबानं नाद सोडला. तेवढ्यात कौशल्याबाईनं मला हातानं विचारलं, आज तुझं लक्ष कुठं आहे? तू आपलं बघ, असं मी तिला हातानंच सुनवलं.

आणि एकाएकी दारात प्रभाकरराव दिसले. तोंड उघडं, हात वर, चेहरा लालबुंद. ते ओरडत होते एवढं दिसत होतं. त्यांनी नत्थूजीला खूण केली, नत्थूजी धावला, पट्टे ढिले पडले आणि यंत्रं एकेक करत थांबली.

आवाज विरत गेला तशी बाहेरून घंटा ऐकू आली. खण, खण, खण. चौकीदार घामानं निथळत ती बडवत होता. ‘मी सांगेपर्यंत थांबायचं नाही’ असं त्याला सांगितलेलं होतं, आणि तो थांबला नव्हता.

प्रभाकरराव तरातरा ओळीपाशी आले आणि कौशल्याबाईसमोर बोट नाचवत म्हणाले, “हीच ना ती बहिरी? केव्हाची घंटा वाजते आहे, मी दारात उभा राहून ओरडतो आहे, आणि हिची मानसुद्धा हलत नाही!”

कौशल्याबाई म्हणजे सिंदीतलं सगळ्यात तिखट कानांचं माणूस. चार घरं पलीकडचं भांडण तिला शब्दाशब्दानं ऐकू येतं. तिनं कमरेवर हात ठेवले. “बहिरी कोनाले म्हनता, साहेब? मले सारं आयकू येते.”

“मग घंटा ऐकू आली?”

“कोनती घंटा?” कौशल्याबाई म्हणाली.

प्रभाकररावांनी ओळीवरून नजर फिरवली. “कोणाला ऐकू आली? खरं सांगा. हात वर करा.”

एकही हात वर गेला नाही. मीही केला नाही. दिवसभर कानांत जीव आणून उभी असलेली मी, मलाच ऐकू आली नव्हती, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसता.

प्रभाकरराव रुईच्या ढिगावरच बसले. मघाचा लाल चेहरा पांढरा पडला होता, आणि ते डाव्या हातावरचा डाग नकळत चोळत होते.

“दसऱ्याले तं बरोबर वाजते, साहेब,” नत्थूजी हळूच म्हणाला.

“दसऱ्याला यंत्रं बंद असतात, नत्थूजी,” प्रभाकरराव म्हणाले.

ते ऐकून मला आधी हसू आलं आणि मग आई आठवली. आमच्या आईनं उभा जन्म त्या घंटेच्या भरवशावर इथं काढला होता.

जिजा माझा पदर ओढत होती. तिला काय झालं ते हवं होतं. मी हातानं सगळं सांगितलं. तिनं सगळं समजून घेतलं आणि एकच प्रश्न केला.

“काय म्हणते आहे ती?” प्रभाकररावांनी विचारलं. बहिरी कोण ते त्यांना आता कळलं होतं.

“इचारते का, आता आमाले सगळ्यांलेच काढता का?”

ओळीतल्या बाया हसल्या. प्रभाकरराव हसले नाहीत. ते उठले आणि जिजासमोर येऊन उभे राहिले. हात कसे हलवावेत ते त्यांना कळेना, म्हणून नुसती मान हलवली, नाही म्हणून. ती मान हलवलेली मात्र मला आवडली.

त्या दिवशी जिन पुन्हा सुरू झालं नाही. फिटरनं ओळीवरून दोरी ताणली, तिला जागोजाग लाल फडकी गुंडाळून बांधली. कुठूनही दोरी ओढली की फडकी सुटून प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर पडायची. दुसऱ्या दिवशी नत्थूजीनं नारळ फोडून आदल्या दिवशीचा अपशकुन मिटवला, आणि मग चालू यंत्रांवर दोरी ओढून पाहिली. सगळ्या वळल्या. जिजा सगळ्यांबरोबर वळली. कौशल्याबाई सगळ्यांच्या शेवटी. बाळंतपणाला गेलेली बाई परत आली तरी जिजाला काढायचं नाही, असं प्रभाकररावांनी सांगितलं, आणि जिजा ओळीत पक्की झाली. आवारातली तिची अर्ध्या मजुरीची जागा रिकामीच राहिली.

त्या संध्याकाळी मी चुलीसमोर बसून रडले. दुःखाचं काही नव्हतं. इतके महिने छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून नेल्यावर अंग कसं सैल पडतं, तसं झालं. जिजा भाकरी थापत होती. तिनं एकदा वळून पाहिलं आणि मला रडू दिलं.

होळीच्या आधी पुनाजी आला. मी सांगितलेलं त्याला पटलं नाही, डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून मी त्याला जिनाच्या दारात उभं केलं. नेमकं तेव्हाच जिजाचं यंत्र तुंबलं होतं. कौशल्याबाईशी हातानं गप्पा मारता मारता तिनं कापूस कोंबला होता. सुटी होऊन पट्टे थांबले तरी नत्थूजी तिच्यासमोर उभा राहून दोन्ही हात नाचवत होता, पाय आपटत होता, शेजारणीकडे बोट दाखवत होता.

“तो तिले रागावून राह्यला नं?” पुनाजी म्हणाला. “अन् तू काऊन चूप? येरवी तं कोनी तिच्याकडे वाकडं पाह्यलं तं अंगावर जातेस.”

“तिचंच चुकलं,” मी म्हणाले. “काम टाकून गप्पा मारे.”

पुनाजी बघत राहिला. मीही बघत होते. लहानपणापासून जिजाला कोणी कधी रागावलं नव्हतं. चुकली तरी ‘बिचारी’, सांडलं तरी ‘बिचारी’. आज पहिल्यांदा एक माणूस तिच्यावर मनापासून चिडला होता, जसा तो माझ्यावर चिडतो, कौशल्याबाईवर चिडतो.

“त्या समुद्रपूरवाल्याले नाई म्हनून सांगतो मंग,” पुनाजी म्हणाला.

“सांगजो,” मी म्हणाले, आणि आत गेले. जिजा अजून नत्थूजीशी दोन्ही हातांनी भांडत होती.