छतावरचे नऊ ठिपके

विचियनने ओला कपडा छताच्या मऊ अस्तरावर टेकवला, हलकेच दाबला आणि उचलला. पांढरा डाग कपड्यावर उतरला. त्याने समाधानाने मान हलवली आणि पुढच्या डागाकडे वळला. चालकाच्या खुर्चीत तो जवळजवळ आडवा पडून काम करत होता, कारण या स्पोर्ट्स कारचं छप्पर बसल्या माणसाच्या डोक्याला लागेल इतकं खाली होतं.

पावसाळाभर त्याचं या बुरशीशी वैर चाललं होतं. गाडी महिन्यातून दोनदा बाहेर पडायची. उरलेले दिवस ती अनुवतसाहेबांच्या बंद गॅरेजमध्ये, बॅटरीला चार्जर लावून आणि अंगावर खास शिवलेली चादर पांघरून झोपायची. बँकॉकच्या दमट हवेत अशा लाडावलेल्या गाडीला बुरशी लागणार नाही तर काय रिक्षाला लागणार? विचियन दर पंधरा दिवसांनी तिला आपल्या गाड्या धुण्याच्या दुकानात घेई, हाताने धुई, पुसून कोरडी करी. इंजिन आणि चाकं कंपनीच्या वर्कशॉपकडे, बाकी सगळं त्याच्याकडे. सव्वीस वर्षं तो महागड्या गाड्या पुसत होता आणि त्याच्या हातून आजवर कुठल्या गाडीला ओरखडा पडला नव्हता.

नववा डाग पुसल्यावर कपड्यावर काहीतरी चमकलं. त्याने तो दाराच्या उजेडात धरला. नखाएवढा सोन्याचा वर्ख होता.

बुरशीला सोन्याचा वर्ख नसतो. विचियन ताडकन उठायला गेला आणि त्याचं डोकं छताला आपटलं. तीन ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके, बरोबर चालकाच्या डोक्यावर. रक्षणासाठी भिक्खू काढून देतात ते हे यंत्र त्याने शेकडो गाड्यांमध्ये पाहिलं होतं आणि शेकडो वेळा हात आवरून त्याच्या बाजूने पुसलं होतं. या गाडीत ते नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत नव्हतं.

खिशातला फोन वाजला. अनुवतसाहेबच होते.

"विचियनदादा, झाली का गाडी? चारला येतो. आई पण आहे बरोबर."

"साहेब, ते छतावर..."

"हां, ते सांगायचंच राहिलं तुम्हाला. मागच्या आठवड्यात सुपानबुरीला नेली होती, आईच्या गावी. तिचा हट्ट. तिथल्या विहारातल्या मोठ्या भन्तेंनी स्वतः आत बसून यंत्र काढून दिलं. नव्वदी उलटलेला माणूस, दोन भिक्खूंनी धरून बसवलं त्यांना. गुरुवारी गेले ते. त्यांच्या हातची शेवटची गाडी आपली. तेवढं सांभाळून पुसा, दादा."

"हो," विचियन म्हणाला.

त्याने फोन ठेवला. साहेबांचा राग त्याने सोसला असता. गिऱ्हाईक गेलं असतं तर दुसरं आलं असतं. पण अनुवतच्या आईला, लमायबाईंना, तो ओळखत होता. त्यांचा थोरला मुलगा याच सुपानबुरीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला होता. तेव्हापासून धाकटा घराबाहेर पडला की त्यांचा जीव टांगणीला लागे. त्यात या धाकट्याने बर्फाचे तीन कारखाने काढून पन्नाशीत हौस केली ती नेमकी अशा गाडीची. त्या माउलीला काय सांगायचं, की तुझ्या भन्तेंचा शेवटचा हात मी बुरशी समजून पुसला?

छतावर ओल्या ठिपक्यांच्या खुणा अजून दिसत होत्या. तासाभरात त्या वाळून गेल्या असत्या.

विचियन घरी गेला. त्याची बायको उन्हाळ्यात तोंडाला लावायची त्या पांढऱ्या मातीची वाटी त्याने उचलली. येताना विहारासमोरच्या दुकानातून वर्ख घेतला. एकविसाव्या वर्षी त्याने भिक्खूचं चीवर घेतलं होतं, विहारात पावसाळ्याचे तीन वर्षावास काढले होते. यंत्र कसं काढतात ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. ते चीवर उतरवलेल्या माणसाने काढायचं नसतं, हेही त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने हात धुतले, खुणा वाळत आल्या होत्या म्हणून अंदाजाने तीन सरळ ओळींत एकेक ठिपका ठेवला आणि वर्ख चिकटवला. मंत्र मात्र म्हटला नाही. तेवढं त्याला जमलं नाही.

चार वाजता लमायबाई आल्या. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला त्या बुटक्या गाडीत बसवायचं म्हणजे बाळाला टबात उतरवण्याइतकंच जपावं लागे. बसल्यावर त्यांनी वर पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग हात जोडले. गाडी गेली तेव्हा विचियनला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही.

त्यानंतर तो गाडीत आपलं काम सोडून नको तिथे लक्ष घालू लागला. धुवायच्या आधी टायरमधली हवा तपासायचा. शेजारच्या टायरवाल्याकडून नट किती घट्ट आहे ते दाखवणारा पाना आणून चाकांचे नट एकेक करून बघायचा, मग सगळे पुन्हा बघायचा. ब्रेकच्या तेलाची पातळी बघायचा. गाडीखाली टॉर्च धरून उताणा पडायचा.

अनुवतसाहेबांनी एकदा त्याला तसं पकडलं.

"काय दादा, वर्कशॉप काढताय का? दर वेळी चाकं मोजता. पळून नाही जायची ती."

"पळू नये म्हणूनच बघतो साहेब," विचियन गाडीखालून म्हणाला.

भन्तेंना जाऊन शंभर दिवस झाले. त्या दिवशी गावच्या विहारात मोठं पुण्यकर्म होतं. मायलेक सकाळी सातला गाडी न्यायला दुकानात आले. लमायबाई पांढऱ्या कपड्यांत होत्या. विचियनने त्यांना आत बसवलं आणि पाठीशी उशी दिली. मग साहेबांना जरा गाडीच्या मागे नेलं.

"साहेब, एक बोलायचं होतं. टायर सहा वर्षांचे झालेत. नक्षी दिसते भरपूर, पण रबर कडक झालंय. नखाने दाबून बघा."

"बदलू पुढच्या महिन्यात."

"तोवर जरा हळू..."

"हळू चालवायला बैलगाडी घेतली असती की. सकाळचा रस्ता मोकळा असतो, दादा. मागच्या खेपेला दोनशे चाळीसवर नेली, आईला पत्ताही नाही लागला." त्यांनी अंगठा वर छताकडे केला. "आणि भन्ते बसलेत ना वरती. पूर्वी माझी हिंमत नव्हती व्हायची, खरं सांगतो. आता बिनधास्त." एवढं बोलून ते हसत समोरच्या ठेल्यावर कॉफी आणायला गेले.

इतके दिवस त्याला वाटत होतं की आपण एक खोटं बोललो आणि पाना फिरवून फिरवून ते फेडतो आहोत. फेडत कसला होता? त्याच्या ठिपक्यांनीच साहेबांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड केला होता.

तो उघड्या दाराशी गुडघ्यांवर बसला. त्याशिवाय त्या गाडीतल्या माणसाच्या तोंडाकडे बघताच येत नसे.

"आई, ते ठिपके भन्तेंचे नाहीत. त्यांचे मी पुसले. बुरशी वाटली मला. मग मीच पुन्हा काढले."

लमायबाई पट्टा लावत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"माहीत आहे मला."

विचियनने वर छताकडे पाहिलं.

"भन्तेंचा हात थरथरत होता रे. मी बाहेरून काचेतून बघत होते. खालची ओळ पार पुढच्या काचेकडे घसरली होती. तू अगदी पट्टी लावून काढलेस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून भन्ते परत येणार होते? वाटलं, याच्या मनाला लागलंय, हा आता गाडीला जपेल. जपलीस तू. सांगतो आमचा अनू मला, हसत हसत."

"गाडीला जपेन मी, आई. पण साहेब त्या ठिपक्यांच्या भरवशावर हाकतात. पाना फिरवून ते कसं थांबवू? मला भीती वाटते हो. झोप लागत नाही."

लमायबाई काचेतून समोरच्या ठेल्याकडे बघत होत्या. अनुवत कॉफीवालीची थट्टा करत उभा होता. केस काळे केलेला, पोट सुटलेला, त्यांचा एकुलता उरलेला मुलगा. तो दोन्ही हातांत कॉफी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडू लागला, तेव्हा त्यांनी मांडीवरचा रुमाल उचलला आणि पाण्याच्या बाटलीने भिजवला.

अनुवतने दार उघडलं तोवर त्यांचा हात छतावर होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी रुमाल ओढला, मग पुन्हा ओढला. वर्खाचे कण त्यांच्या पांढऱ्या बाहीवर पडले.

"आई, अगं काय करतेस?" अनुवतच्या हातातली एक पिशवी खाली पडून फुटली. "भन्तेंच्या हातचं होतं ते. शेवटचं."

"भन्ते गेले. शंभर दिवस झाले. त्यांना किती दिवस आपल्या डोक्यावर राखणीला बसवायचं? जाऊ दे त्यांना." त्यांनी रुमालाची घडी घातली. "आता तुझ्या डोक्यावर कुणी नाही. मी शेजारी आहे, एवढंच. रस्त्याकडे बघून चालव."

अनुवतने छताकडे पाहिलं, मग विचियनकडे. त्याचा चेहरा उतरला होता.

"दादा, तुम्ही इथेच होतात ना? हात नाही धरलात तिचा?"

विचियनने तोंड उघडलं.

"त्याला काय विचारतोस?" लमायबाई म्हणाल्या. "बस आत. भिक्खूंचं जेवण अकराच्या आत व्हायला हवं."

अनुवत आत बसला. त्याने पट्टा लावला. त्याने तो याआधी कधी लावल्याचं विचियनला आठवत नव्हतं. आरसा नीट केला, मग पुन्हा नीट केला. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली आणि थांबली. भाजीची हातगाडी जाऊ दिली, मागून येणारी शाळेची गाडी जाऊ दिली, मग मोठ्या रस्त्याला लागली.

विचियन फुटलेल्या कॉफीच्या पिशवीशेजारी उभा राहून कानोसा घेत होता. दर वेळी त्या वळणानंतर इंजिनाचा आवाज एकदम चढायचा, पार कालव्यापलीकडे ऐकू जायचा. तो तसाच वाट बघत राहिला. आवाज दूर गेला, पण चढला नाही.