कुणाच्या घराण्याचं रक्त

माझं डोकं फिरलं ते धाकट्याच्या रिपोर्टमुळे नाही, बाबांच्या तोंडामुळे. धाकट्या भावाच्या पायात रक्ताची गुठळी झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मग कुणीतरी प्रोटीन सी तपासायला सांगितलं. रक्त नको तिथे गोठू नये म्हणून शरीरात असतं ते. धाकट्याचं कमी निघालं. हा दोष आईवडिलांकडून येतो, एवढं बाबांनी कुठेतरी वाचलं आणि झालं सुरू, "तुझ्या माहेरचं रक्त."

उठता-बसता तेच. मामा तरुणपणी अचानक गेला होता, त्यालाही त्यांनी साक्षीला ओढला. आई उलट बोलेना. धाकट्याला जेवायला वाढतानासुद्धा ती त्याच्या पायाकडेच बघत राहायची. मला ते बघवत नव्हतं.

मी रिपोर्ट घेऊन रक्तविकाराच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला.

"गोळ्या चालू असताना तपासलं? अहो, या गोळीनेच प्रोटीन सी खाली येतं. या आकड्याला काही अर्थ नाही. गोळ्या संपू द्या, मग काही आठवड्यांनी परत बघू. तोवर मनाने बंद करायच्या नाहीत."

घरी येऊन घसा फोडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"ती डॉक्टर कालची पोर," बाबा म्हणाले. "छापील रिपोर्ट खोटा असतो का? थांब, माझंच तपासून आणतो. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

आणि खरंच गेले. काल रिपोर्ट आला. बाबांचं प्रोटीन सी धाकट्याहूनही कमी.

चष्मा पुसून पुसून त्यांनी तो आकडा वाचला. रात्री जेवलेही नाहीत धड. आज सकाळी बघते तर ओट्याशी उभे राहून चहा गाळत होते. कप आईच्या हातात दिला.

"माझ्याच घराण्याचं निघालं," ते म्हणाले. "तुला उगाच बोललो."

ते फिरायला बाहेर पडताच मी आईला गाठलं. "अगं, हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून बाबा रक्त पातळ करायची तीच गोळी घेतात. त्यांचाही रिपोर्ट कुचकामी आहे."

"माहीत आहे," आई म्हणाली. "रोज मीच हातावर ठेवते ती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ओरडून सांगितलंस, ऐकलं का त्यांनी?" तिने कपात फुंकर घातली. "धाकट्याची परत तपासणी झाली की कळेलच. तोवर मला सुखाने चहा पिऊ दे."