आत्याच्या मशीनचं नेटिव्ह

अंबरनाथच्या बुवापाड्यात मोतीबाईंचं भरतकामाचं दुकान आहे. तिथलं मशीन चालवणारा कॉम्प्युटर इतका जुना, की त्याला मराठीतला एकच शब्द येतो: नवरदेव. मागच्या एका हळदीत घरच्या सगळ्यांच्या टी-शर्टांवर तोच निघाला. पाहुणे दिसेल त्या नवरदेवाला हळद लावत सुटले. खऱ्याला उरलीच नाही.

आता उद्या मोतीबाईंच्याच हरेशची हळद. म्हणून बदलापूरहून त्यांचा भाचा जितेश आला होता, पेशाने प्रोग्रामर. हवा तो शब्द भरून देणारं नवं सॉफ्टवेअर त्याने लिहिलं होतं. त्याच्या लॅपटॉपवर ते नुसतं पळायचं. पण मशीनची वायर बसायची जुन्या कॉम्प्युटरलाच, आणि तिथे इंग्रजीत उमटायचं: 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'.

मोतीबाईंनी पहिलाच शब्द वाचला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"इल्लीगल? बाला, कोनी तक्रार केली का रं?"

"आत्या, दुकान नाही, सॉफ्टवेअर इल्लीगल आहे."

"मग रेग्युलर करून घे ना. उल्हासनगरात इल्लीगल बिल्डिंगा होतात!"

जितेशने फॉन्ट बदलला, वायर पुसली, उदबत्ती लावली. इल्लीगल ते इल्लीगलच.

तेवढ्यात हरेश आला. "आई, मांडववाला फोन का नाही उचलत?"

"नेटिव्हला गेलाय."

"कोणाच्या?"

"सोताच्या गावाला! तुझ्या नेटिव्हला जाऊन काय करील?"

जितेशचे हात थांबले. लिहिलेला कोड प्रोसेसरच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. त्याच्या सेटिंगमध्ये जितेशने मोठ्या थाटात 'नेटिव्ह' लिहून ठेवलं होतं. त्याला वाटलेलं, नेटिव्ह म्हणजे सॉफ्टवेअर जिथे नांदणार ते घर. कंपायलर मात्र आपण जिथे बसलोय तेच नेटिव्ह धरतो, म्हणजे जितेशचा लॅपटॉप. त्यामुळे सॉफ्टवेअर नव्या प्रोसेसरच्या बोलीत फाडफाड बोलत होतं आणि आत्याच्या कॉम्प्युटरातला म्हातारा पेंटियम हात जोडत होता.

जितेशने 'नेटिव्ह' खोडून त्या पेंटियमचं नाव घातलं आणि सगळं नव्याने कंपाइल केलं. टेस्टिंगला मोतीबाईंचा टी-शर्ट लावला, मशीनकडे बघून मनात आलं ते टाइप केलं, बटण दाबलं. मशीन जरा खोकलं आणि धडाधड सुटलं. 'करवली', 'मामा', 'नवऱ्याचा शेजारी', सगळे निघाले. नवरदेव एकच.

टेस्टिंगचा टी-शर्ट उसवायला मात्र कोणाला वेळ नव्हता. मोतीबाई हळदीत तोच घालून नाचल्या. दमून खुर्चीत टेकल्या रे टेकल्या, की कोणीतरी टी-शर्टवरची सोनेरी अक्षरं मोठ्याने वाचायचं आणि त्या परत उठायच्या:

'चाल गं बाई एकदाची!'