बिनलोण्याचं चॉकलेट

मित्रांनो, मी एक जुनी रवी आहे. ताक घुसळायची, लाकडाची. लांब दांडा आणि खाली फुलासारखं चिरलेलं गोल डोकं, एवढंच माझं रूप. पण माझ्या आयुष्यात एक आठवडा असा आला, की त्याची नुसती आठवण निघाली तरी मला गरगर फिरावंसं वाटतं.

माझा जन्म एटापल्लीकडच्या जंगलातला. लालसू नावाच्या सुताराने शिवणीच्या लाकडातून मला कोरलं, काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केलं. गिरजाबाईच्या वडिलांनी तिच्या लग्नात मला तिच्यासोबत पाठवलं आणि मी कोरपन्याजवळच्या एका गावात आले. गिरजाबाईकडे म्हशी होत्या. रोज सकाळी ती मला दोन्ही तळहातांत धरून फिरवायची. लोण्याचा गोळा वर आला की शेजारणीला म्हणायची, "माही रवी म्हंजे सोनं हाय." मीही त्या बोलण्याने फुगून जायची. लोणी काढणं हाच आपला जन्म, असं मला वाटायचं.

पुढे गावात डेअरी आली. दूध किटल्यांतून जाऊ लागलं, घरात घुसळण उरली नाही. मी चुलीवरच्या खुंटीला टांगली गेले. धुराने काळी झाले. माझ्या डोक्याच्या खाचांत कोळ्याने घर केलं. स्वयंपाकघरात रोज माणसं वावरत, पण माझ्याकडे मान वर करून कोणी बघत नसे.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात या घरात कांता सून म्हणून आली. चंद्रपूरची पोर, हसरी आणि जराशी हट्टी. तिचा भाऊ गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता. त्याने तिला कोकोचा डबा भेट दिला होता. चंद्रपूरला एका बाईंच्या वर्गात ती चॉकलेटचं पुडिंग शिकली होती.

तिचा नवरा गुलाब गावच्या कबड्डी संघाचा कप्तान होता. पंचावन्न किलोच्या गटात खेळायचा. लग्नानंतर महिनाभर नातेवाइकांकडे जेवणावळी झाल्या आणि गडचांदूरचे सामने आठवड्यावर आले, तेव्हा संघातल्या दसरूने त्याला कापसाच्या काट्यावर उभं केलं. गुलाब दीड किलो जास्त भरला.

दसरू त्याच्यासोबत घरापर्यंत आला. अंगणातच म्हणाला, "भाऊ, तुले गटात घेणारच नाईत. मंग चढाई कोन करन?" मग दारात उभ्या असलेल्या कांताकडे न बघता हळूच बोलला, "लगन झालं न कप्तान फुगला, असं पोरं म्हणून राह्यले."

कांताचा चेहरा उतरला. मला खुंटीवरून दिसत होतं.

गुलाबने त्याच दिवशी गोड सोडलं. पहाटे नाल्यापर्यंत धावू लागला. पण मित्रांनो, हा गडी गोडाचा भारी शौकीन. दोन-तीन दिवसांतच तो ताटावर तोंड पाडून बसू लागला. "जाऊ दे, मी खेळतच नाई," म्हणाला. गिरजाबाईला ते पाहवेना. तिने कोठीमागे नेऊन त्याच्या हातात तुपाचा लाडू ठेवला. कांता नेमकी तेव्हाच आत आली. गुलाब मान खाली घालून बाहेर निघून गेला.

"आत्याबाई, असं काऊन करता?"

"पोरगा वाळून राह्यला माहा. मले पाहवत नाई."

कांता रागावली नाही. चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "गोड द्याचंच हाय ना, तं मी देतो. चॉकलेटचं. पण हलकं, बिनतुपाचं न बिनमलईचं."

"मलई काढून टाकल्यावर त्यात राह्यते काय? ते बिमाराचं खानं."

तरी कांताने दूध तापवलं, थंड केलं, साय काढली. पुन्हा तापवलं, पुन्हा साय काढली. मग अंड्यांचा पांढरा भाग एका डेगचीत घेतला. त्याचा फेस काढायला काहीतरी हवं होतं. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

किती वर्षांनी कोणाचे हात लागले मला. तिने मला घाईघाईत नुसत्या पाण्याने विसळलं आणि जोरात फिरवलं. मीही जीव लावून फिरले. पण पांढरं पाण्यासारखं पातळच राहिलं. कांताचे हात भरून आले, डोळेही भरून आले. मला तर वाटलं, आपण आता चुलीतच जाणार.

गिरजाबाई दारातून बघत होती. ती जवळ आली, माझ्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि चोळून पाहिलं. बोट ओशट झालं.

"हिच्या अंगात लोनं मुरलं हाय पोरी. ओशट असलं का फेस धरत नाई. आन इकडं."

ज्या लोण्याचा मला एवढा तोरा होता, तेच आडवं आलं होतं. गिरजाबाईने मला अंगणात नेलं. कढत पाणी, राख आणि रिठा घेऊन माझी एकेक खाच घासली. खाचांत अडकलेलं कोळ्याचं जाळं गेलं, धूर गेला, जुनी चिकटी गेली. डेगचीही तशीच घासली. उन्हात वाळले तेव्हा मी किती हलकी झाले होते म्हणून सांगू.

कांताने नवी अंडी फोडली. मी फिरले आणि पांढऱ्याचा फेस चढू लागला. आधी बुडबुडे, मग साबणासारखा, मग कापसाच्या ढिगासारखा. डेगची उलटी केली तरी पडेना. गिरजाबाई तोंडावर हात ठेवून बघतच राहिली.

कांताने साय काढलेल्या दुधात कोको, थोडं कॉर्नफ्लोअर आणि बेताचीच साखर घालून शिजवलं. गरम असतानाच त्यात तो फेस हळूहळू मिसळला. वाट्या भरून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवल्या. थंडीचे दिवस, संध्याकाळपर्यंत छान घट्ट झालं.

गुलाबने पहिला घास घेतला आणि थांबला. "मलई टाकली ना?"

"नाई."

"खरं सांग."

"तुमच्या मायले विचारा," कांता म्हणाली.

त्याने वाटी बोटाने पुसून खाल्ली. मग रोज पहाटे धावणं, मोजकी भाकर-भाजी आणि संध्याकाळी एक वाटी चॉकलेट. कोठीमागचे लाडू बंद झाले.

सामन्याच्या दिवशी मी खुंटीवरच होते. पुढचं मी दसरूच्या तोंडून ऐकलं. संध्याकाळी सगळा संघ अंगणात शिरला आणि तो धापा टाकत गिरजाबाईला सांगू लागला, "बाई, काट्यावर उभा राह्यला तं आमचे श्वास बंद. काटा हालून हालून पंचावन्नच्या जरासा अलीकडं थांबला. आन शेवटच्या चढाईत दोघं याच्या अंगावर पडले, तरी याचा हात रेषेवर. एका गुणानं कप आपला."

मग तो कांतापुढे येऊन उभा राहिला. "वहिनी, मी बोललो ते इसरून जाजा. आन ते चॉकलेट आमालेबी पाह्यजे."

कांता हसत उठली. पण गिरजाबाईने तिच्याआधी हात वर करून मला काढलं, बोट फिरवून स्वच्छ आहे ना ते पाहिलं. म्हणाली, "एवढ्या पोरायचं कराचं हाय. तू अंडे फोड, मी फिरवतो. मलेबी शिकू दे."

मित्रांनो, त्या दिवशी मी बारा जणांसाठी फिरले आणि लोण्याचा एक कणही काढला नाही. तरी एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी धूळ खात टांगलेलं असेल. त्याला फेकण्याआधी एकदा खाली काढा, चांगलं घासून पुसून घ्या आणि एखादं नवं काम सांगून बघा. आम्हाला फक्त कोणाचे तरी हात हवे असतात.