जेठानंद मास्तरांचा यष्टिरक्षक

हिवाळ्यातल्या दुपारी शाळेच्या पत्र्याच्या फटीतून तिरपे ऊन आत उतरे आणि खडूची धूळ त्यात संथपणे तरंगत राही. त्या उजेडात जेठानंद मास्तरांचा मला सर्वांत आधी दिसे तो डावा हात. फळ्यावर गणित मांडताना तो शांत असे. पण उत्तर आले, शेवटची रेघ ओढून झाली, की मनगट नकळत आत वळे, बोटे खडूभोवती अलगद फिरत आणि खडू हवेत स्वतःभोवती गिरकी घेऊन पुन्हा तळव्यात येई. मुलांना ती करमणूक वाटे. मला मात्र वाटे, जे सांगायला या माणसाने जिभेला मनाई केली आहे, ते त्याची बोटे अजून पुटपुटत आहेत.

फाळणीला काही वर्षे लोटली होती. पिंपरीच्या माळावर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली होती. चिंचवडचे लोक तिला नुसते ‘कॅम्प’ म्हणत. एका बाजूला बाजरीची शेते, दुसऱ्या बाजूला रेल्वेचा रूळ, आणि मध्ये ही नवी वस्ती: बाजांवर वाळणारे पापड, अनोळखी चालीची गाणी, सकाळच्या गारठ्यात चुलींचा निळसर धूर. मी चिंचवडची. शिक्षण संपवून नुकतीच कॅम्पातल्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते. मास्तर गणित शिकवत. उंच, किंचित वाकलेले, पन्नाशीकडे झुकलेले. धुऊन धुऊन दुधाळ झालेली पांढरी विजार आणि आवाजात संध्याकाळच्या नदीसारखे एक खालचे, लांबवलेले वळण. मराठी शिकायची त्यांना हौस होती. माझ्याकडून ते चुका दुरुस्त करून घेत. पण चेंडू त्यांच्या तोंडी अखेरपर्यंत स्त्रीलिंगीच राहिला. “चेंडू अशी आली, बेटी,” असे ते म्हणत तेव्हा त्या शब्दात इतकी माया असे, की पुढे पुढे मीच ती दुरुस्ती सोडून दिली.

ते क्रिकेट खेळत होते, हे आम्हाला कळले ते माझ्या थोरल्या भावामुळे. अण्णा खडकीला एका कचेरीत कारकून होता आणि चिंचवडच्या संघाचा कप्तान नि यष्टिरक्षक. रविवारी सकाळी रूळ आणि कॅम्प यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर त्यांचा सराव चाले. एका रविवारी मास्तर कडेला उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी हात पुढे केला, चेंडू मागितला आणि चपला काढून ठेवल्या. चार पावलांची संथ धाव, हात कानाजवळून गेला, चेंडू हवेत क्षणभर विचारात पडल्यासारखा रेंगाळला, टप्पा पडला आणि वळला. फलंदाजाची बॅट एकीकडे, अण्णाचे हातमोजे दुसरीकडे, आणि चेंडू त्या दोघांच्या मधून निवांत निघून गेला.

“आरं तिच्या!” आकुर्डीचा खंडूभाऊ ओरडला. तो शेतकरी होता आणि आमच्या संघाचा वेगवान गोलंदाज. “आवं मास्तर, ह्ये कुटं शिकला?”

“सिंधमध्ये,” मास्तर म्हणाले. “प्रांताच्या टीममध्ये खेळत होतो.” एवढेच.

त्या दिवसापासून ते आमच्यातले झाले. खेळ आटोपला की तिघे आमच्या पडवीत येत. मी उंबऱ्याशी मुलांच्या वह्या तपासत बसे, आई चहा ठेवी आणि एक खेळ सुरू होई, जो मैदानावरच्या खेळाहून अधिक तावातावाने खेळला जाई. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, मद्रास, बंगाल, जिथे जिथे म्हणून प्रांताचा संघ होता, त्या सगळ्यांतून आजवरचे सर्वश्रेष्ठ अकरा निवडायचे. मुंबईचा कोणी घाऱ्या डोळ्यांचा सलामीवीर एका रविवारी संघात येई आणि दुसऱ्या रविवारी बाहेर जाई. खंडूभाऊला वेगवान गोलंदाज कितीही दिले तरी कमीच वाटत. अण्णा महाराष्ट्राचा पक्ष घेई. मास्तर मात्र कोणाची बाजू न घेता एकेका खेळाडूची चाल, खांद्याची ठेवण, पावलाचा ताल असा उभा करत, की न पाहिलेली माणसे आमच्या पडवीत येऊन बसल्यासारखी वाटत. माघाच्या कोवळ्या उन्हात ती सकाळ दुपारपर्यंत लांबत जाई.

या गप्पांतूनच अण्णाच्या मनात एक बेत रुजला. खडकीच्या लष्करी संघाशी दरवर्षी आमचा सामना होई आणि दरवर्षी आम्ही हरत असू. कॅम्पातल्या तरुणांचाही एक संघ होता, तोही हरे. गावचे पोर कॅम्पाच्या पोरांशी बोलत नसे. गावच्यांना वाटे हे उपरे, कॅम्पातल्यांना वाटे ते आडमुठे. अण्णा म्हणाला, “प्रांतांतून निवडतो तसे इथूनही निवडू. चिंचवड, आकुर्डी, कॅम्प. सगळ्यांतले चांगले अकरा.” कॅम्पातले तरुण मास्तरांच्या शब्दाबाहेर नव्हते. मास्तरांनी होकार दिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, बंद घराची खिडकी बऱ्याच काळाने उघडावी, तसा उजेड मी पाहिला.

आणि मग तो रविवार आला. सर्वश्रेष्ठ संघात यष्टिरक्षक कोण, यावर बोलणे आले. अण्णाने मुंबईच्या एकाचे नाव घेतले.

मास्तर म्हणाले, “नाही. कीपर याकूब.”

“कोण याकूब?”

“माझ्या टीमचा. कराचीचा.”

“आता कुठे असतो?”

“तिथेच.”

अण्णाने कप खाली ठेवला. “मग तो त्या देशाचा झाला, मास्तर. आपल्या संघात कसा बसेल?” त्याच्या स्वरात द्वेष नव्हता, एखादा नियम वाचून दाखवावा तसे तो बोलला. पण पडवीतली हवा एकाएकी पातळ झाली. मास्तरांनी उरलेला चहा शांतपणे संपवला, आईला नमस्कार केला आणि ते उन्हातून चालू लागले. त्यांची पाठ त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक वाकलेली होती.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. कॅम्पातल्या तरुणांनी निरोप पाठवला, की आम्ही आमचे वेगळे खेळू. सामना जवळ येत होता आणि अण्णा घरात उगाचच कोणाकोणावर चिडत होता.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी मास्तरांना त्यांच्या रिकाम्या वर्गात गाठले. सरळच विचारले, “याकूब कसे होते, मास्तरसाहेब?”

ते खिडकीशी गेले. बाहेर चिंचेच्या झाडाखाली मुली सागरगोटे खेळत होत्या.

“बेटी, डाव्या हाताचा गोलंदाज चेंडू कुठे वळवणार, हे बॅट्समनला समजू नये. पण कीपरला समजायला पाहिजे. याकूब माझ्या खांद्यावरून ओळखत होता. मी टाकायच्या आधी. मला स्वतःला माहीत नसायचं, त्याला माहीत असायचं.” त्यांनी खिडकीचा गज धरला. “आम्ही निघालो तेव्हा बंदरावर इतकी गर्दी, इतका आक्रोश! बोट सुटायला लागली. मी वर उभा. खाली पाहतो तर याकूब. गर्दीत जवळ येता आलं नाही त्याला. हाक मारून काय ऐकू येणार? तर हा माणूस तिथेच, त्या गर्दीत, खाली बसला. कीपर बसतो तसा. दोन्ही हात पुढे. म्हणजे, टाक.”

“मग?”

“मग काय? मी टाकली.” त्यांनी हात उचलला, पण अर्ध्यावरच खाली आणला. “हातात काही नव्हतं. तरी टाकली. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. त्याने पकडली की नाही, दिसलं नाही. बोट वळली.”

ते खिडकीपासून मागे वळले. मग ते हळूच म्हणाले, “अण्णासाहेबाने म्हणावं, याकूब खराब खेळतो. मी ऐकेन, भांडेन. पण तो खेळलाच नाही असं कसं म्हणतो? ज्या टीममध्ये त्याला जागा नाही, त्यात माझं घर पण नाही, माझी चाळीस वर्षं पण नाहीत.”

घरी येऊन मी अण्णाला ते सारे, जसे ऐकले तसे, सांगितले. अंगणात जाऊन त्याने सायकलच्या चाकात हवा भरायला घेतली आणि चाक दगडासारखे कडक झाले तरी भरतच राहिला.

रविवारी सकाळी सरावाला न जाता तो आणि खंडूभाऊ कॅम्पात गेले. मला बरोबर नेले, बहुधा धीरासाठी. मास्तरांच्या बायकोने सिंधी रीतीप्रमाणे आधी पापड आणि पाणी पुढे ठेवले. पापड मोडल्याचा आवाजसुद्धा त्या खोलीत मोठा वाटत होता. शेवटी खंडूभाऊच बोलला.

“मास्तर, आमी अडाणी मानसं. पन आमच्या आकुर्डीच्या टीमची गोष्ट निघाली की मेल्या मानसाचंबी नाव घेतो आमी. मंग ह्यो तर जिता हाय.”

अण्णा मान खाली घालून म्हणाला, “चुकलं माझं. संघ सर्वकाळचा म्हणायचा आणि काळाची एक बाजू कापून टाकायची, हे काही खरं नाही. याकूब संघात.”

आता मास्तर हरखून जातील असे मला वाटले. पण त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “असं कसं? दया म्हणून टीममध्ये घेतात काय? त्याची बॅटिंग विचारा आधी.”

“कशी आहे?”

“भयंकर!” मास्तर म्हणाले. “पाण्यात पडलेला माणूस हात मारतो, तशी. दहा रन झाले तर मोहल्ल्यात मिठाई वाटायचा. तुमचा मुंबईवाला चांगला बॅट्समन आहे. विचार करायला पाहिजे.”

“मास्तर, कीपरची बॅटिंग कोण बघतो?” अण्णा उसळला. “फिरकीला उभा राहतो तो खरा कीपर. याकूबच!”

“पण मुंबईवाला पण फिरकीला चांगला…”

“मी पाहिलाय त्याला. लेगला चेंडू सोडतो!”

आणि पाहता पाहता दोघे उलटे भांडू लागले: मास्तर मुंबईच्या बाजूने, अण्णा कराचीच्या. खंडूभाऊ डोक्याला हात लावून हसत होता. दारात मास्तरांची बायको उभी होती. तिला मराठी समजत नव्हती, पण याकूबचे नाव आपल्या घरात इतक्या वर्षांनी मोकळ्या आवाजात घेतले जाते आहे, एवढे तिला समजले, आणि तिने पदराने डोळे टिपत आणखी पापड भाजायला घेतले.

फाल्गुनातल्या एका रविवारी खडकीला सामना झाला. चिंचवडचे, आकुर्डीचे आणि कॅम्पाचे मिळून अकरा. मास्तर त्यांतले सर्वांत वयस्क. मी शाळेतल्या मुलांना घेऊन गेले होते. पळसाला फुले आली होती आणि मैदानाच्या कडेने ती केशरी आग शांतपणे जळत होती. त्याआधीचे सगळे आठवडे अण्णा फक्त मास्तरांच्या गोलंदाजीवर सराव करत होता. चेंडू हाताला, छातीला, एकदा हनुवटीलाही लागला. पण खांदा वाचायला शिकायचेच, असा त्याने हट्ट धरला होता.

लष्करी संघाचा कप्तान जमला होता. उंच, भारदस्त, प्रत्येक चेंडूला पुढे येऊन भिरकावणारा. मास्तरांनी चेंडू हातात घेतला. तीच संथ धाव, हात कानाजवळून गेला. कप्तान पुढे सरसावला. चेंडू नेहमी वळे तिकडे न वळता सरळ आत आला, बॅटच्या काठाला हुलकावणी देऊन गेला; आणि अण्णाचे हात, चेंडूच्या आधीच, नेमके तिथे होते. कप्तानाचा पाय रेषेत परतण्याआधीच यष्ट्या उडाल्याचा कोरडा आवाज आला.

सगळे मैदान ओरडत होते. मास्तर खेळपट्टीच्या मधोमध क्षणभर नुसते उभे राहिले. नंतर हळूहळू चालत अण्णाजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“खांदा वाचायला उशीर केला, यार,” ते म्हणाले. “पण शाबास.”

आजवर ते त्याला ‘अण्णासाहेब’ म्हणत आले होते.

तो सामनाही आम्ही हरलो, पण थोडक्यात, आणि त्या हरण्याचे कोणाला काही वाटले नाही. परतीच्या गाडीत गावची आणि कॅम्पाची पोरे एकमेकांच्या अंगावर रेलून, पुढल्या वर्षी संघात कोण हवा यावर हमरीतुमरीवर आली होती. मास्तर खिडकीशी बसले होते. मावळतीचे ऊन दापोडीच्या पुलावर नदीच्या पाण्यात उतरले होते आणि त्याचे कवडसे त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत होते. मी विचारले, “थकलात?” ते म्हणाले, “नाही बेटी. आज घरी चाललो आहे असं वाटतंय.”

पुढे ते मुलाकडे उल्हासनगरला राहायला गेले आणि तिथेच वारले. रुळाकाठच्या त्या जागेवर आता कारखान्याच्या शेडी आहेत. पण चैत्रातल्या एखाद्या निवांत सकाळी मला वाटते, काळ माणसांच्या मध्ये सरहद्दी आखतो, मैदानांवर भिंती बांधतो, माणसेही उचलून नेतो; आणि तरीही ज्यांना आपण एकदा मनापासून आपल्यात मोजले, त्यांचे नसणे हीसुद्धा त्यांची आपल्याजवळ असण्याचीच एक रीत होऊन राहते.