हिरवं डोकं, तांबडं डोकं

सभागृहातल्या खुर्च्या संपल्या तेव्हा पालक खिडक्यांत बसले. मंचावर गालिचा, गालिच्यावर समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत मूल, आणि मुलाच्या डोक्यावर ते हेल्मेट: चंदेरी, काळ्या काचेचं, हनुवटीपर्यंत येणारं. माथ्यावर दोन दिवे. हिरवा लागला की मूल भविष्यसज्ज, तांबडा लागला की भूतकाळात अडकलेलं. हिरव्याला आया डोळे टिपत. तांबड्याला शेजारचे पालक आपली खुर्ची जरा लांब सरकवत.

दुसऱ्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थांना सगळे भविष्यगुरू म्हणत. त्यांनी स्वतःच तसं छापून आणलं होतं. मेंदूच्या लहरी, चौथी क्रांती, पाचवी मिती असं ते एका दमात बोलत, आणि त्यात क्रियापद क्वचितच सापडे. उद्याच्या नोकऱ्या अजून जन्मालाच आलेल्या नाहीत, असं ते बजावत. पण त्या न जन्मलेल्या नोकऱ्यांना कोणतं डोकं चालेल, हे मात्र त्यांना आजच कळत होतं.

मी या शाळेचा कारकून. मुलांचे अर्ज मीच टाइप केले. नाव नको, लहरी नावाला बिचकतात, असं गुरूंनी सांगितलं होतं. त्यामुळे अर्जावर फक्त क्रमांक, इयत्ता, घरातल्या खोल्या आणि पालकांचा व्यवसाय. प्रत्येक मुलाचा अर्ज ते मांडीवर घेत, डोळे मिटत आणि मग दिवा लागे. लहरींना बापाचा व्यवसाय कशाला लागतो, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मोठ्या बाईंनी मान डोलावली की माझी आपोआप डोलते.

पहिल्या फेरीत माझ्या भाचीला तांबडा दिवा लागला.

तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, शिंपी आहेत. त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळून परत जायचं. भाचीने दुकानाच्या पायरीवरच्या पायपुसण्याखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या आणि वायर घालून शिलाई मशीनपाशी एक दिवा बसवला. पायरीवर पाय पडला की आत दिवा लागतो. हे ती शाळेत शिकली, मुलं ज्यांना खटपटबाई म्हणतात त्या बाईंच्या तासाला. त्या तासाला मुलं बंद पडलेले कॉम्प्युटर खोलतात, जुन्या फोनला नवीन काम शिकवतात, आणि उघडण्याआधी आत काय असेल याचा अंदाज वहीत लिहून ठेवतात. फळ्यावर कायम एकच ओळ असते: एका वेळी एकच गोष्ट बदला.

आता ठरलं होतं असं की, तांबड्या मुलांचा हा तास सोमवारपासून बंद. त्यांनी त्या वेळात शुद्धलेखन गिरवायचं. हिरव्यांच्या प्रगतीत अडथळा नको, असा सगळ्यात मोठा आग्रह दातांच्या डॉक्टरांचा. त्यांची मुलगी हिरवी होती.

माझा राग गुरूंपेक्षा दाजींवर जास्त होता. त्यांनी दुकानातला दिवा काढून कपाटात ठेवला होता आणि लेकीला काजं करायला बसवलं होतं.

"मशीन खोटं बोलत नाही," ते मला म्हणाले. "तीस वर्षं मशीनवर बसतोय मी. टाका चुकला तर हात चुकलेला असतो. तिच्यात नसेल ते, तर उगाच आशा कशाला लावायची पोरीला?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भाची माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मामा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची ना? मग डोकं तेच ठेवू. अर्ज बदलू."

सोबत तिची बाकावरची मैत्रीण होती. डॉक्टरांची मुलगी. दोघींचं आधीच ठरलेलं होतं. खटपटबाईंनाही त्यांनी विचारून घेतलं होतं. राहता राहिलो मी, कारण अर्ज माझ्या फायलीत होते. नोकरी जाईल अशी भीती वाटली, हे कबूल करतो. तरी त्या दोघींचे अर्ज मी अदलाबदल करून लावले.

म्हणून आज ही सभा भरली होती. निर्णय पक्का करण्याआधी पाच मुलं पुन्हा मोजावीत, असं खटपटबाईंनी सुचवलं, आणि त्या पाचांत या दोघींचे क्रमांक घातले. वजनकाट्यावर दोनदा चढलं तरी तो तेच वजन दाखवतो, एवढंच त्या म्हणाल्या. गुरू हसले आणि तयार झाले.

एक मुलगी आली, हेल्मेट चढलं, अर्ज मांडीवर गेला. हिरवा. टाळ्या. दुसरी आली. गुरूंनी अर्जावर नजर टाकली, डोळे मिटले. तांबडा. मग हेल्मेट उतरवून दोघी सभेकडे तोंड करून शेजारी उभ्या राहिल्या. हिरवी होती शिंप्याची. तांबडी डॉक्टरांची.

डॉक्टर उभे राहिले. माझी मुलगी आणि तांबडी, हे कसं शक्य आहे, यंत्र बिघडलंय, असं ते तावातावाने बोलू लागले. पहिल्या फेरीत दोनशे मुलांना तेच यंत्र लागू होतं, तेव्हा ते ठणठणीत होतं. खटपटबाईंनी दोन्ही अर्ज वाचून दाखवले आणि काय बदललं होतं ते सांगितलं. गुरूंनी लगेच लहरींची ओहोटी काढली, आजचं हवामान काढलं, दोन मुलींच्या मैत्रीमुळे मेंदू एकमेकांत मिसळल्याचं सांगितलं. आणि काय सांगू, लोकांच्या माना पुन्हा डोलायला लागल्या.

या सगळ्यातला एकही शब्द ज्याच्या कानावर पडला नव्हता, असा माणूस तिसऱ्या रांगेत होता. दाजी उठले.

"त्यांचा पाय बघा," ते म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसे मोठ्याने. "हिरव्याला टाच दाबतात, तांबड्याला चवडा. मी मघापासून बघतोय."

भाची धावत गेली आणि तिने गालिच्याचा कोपरा उचलला. खाली पत्र्याच्या दोन पट्ट्या, वायर, आणि ती वायर मुलाच्या खुर्चीच्या पायातून हेल्मेटकडे. तिच्या पायपुसण्याखाली होतं तेच, फक्त जोडकाम तिच्यापेक्षा गचाळ. तिने हेल्मेट रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि टाचेने पट्टी दाबली. खुर्ची भविष्यसज्ज ठरली.

गुरू हेल्मेट तिथेच टाकून मागच्या दाराने गेले. मोठ्या बाईंनी तास चालू राहील असं जाहीर केलं आणि कोणाकडेही न बघता त्या पाणी प्यायल्या. दाजी त्या पट्ट्यांपाशी उकिडवे बसले.

"मशीन पायाने चालतं," ते लेकीला म्हणाले. "मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. चुकलो मी."

दोनशे मुलं त्या खुर्चीत बसली आणि आमच्यापैकी कोणीही विचारलं नाही की दिवा लागतो कशाने. यंत्राचं वेड वाईट नाही. माझी भाचीही यंत्रवेडीच आहे. पण ती यंत्र उघडून बघते, आणि आम्ही त्याच्यापुढे मान डोलावतो. मुलाला काय जमेल हे जाणून घ्यायचं असेल, तर त्याच्या हातात काहीतरी करायला द्या आणि शेजारी बसून बघा. त्याला वेळ लागतो, आणि बापाचा व्यवसाय लागत नाही. अर्जातला तो रकाना मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला.

परवा सदऱ्याचं माप द्यायला दाजींकडे गेलो. हाक मारली नाही. पायरीवर नुसता उभा राहिलो. आत दिवा लागला आणि दाजींनी मशीनवरून मान वर केली.